पाऊस आपला, पाणी समुद्राचं

गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या महाप्रसादाची रांग लागली होती. बाहेर सिंगापूरचा नेहमीचा दुपारचा पाऊस कोसळत होता. एका मित्राचे वडील महिनाभर मुलाकडे राहायला मुंबईहून आले होते. ते खिडकीपाशी उभे राहून समोरच्या सिमेंटच्या कालव्याकडे बघत होते. मला म्हणाले, "अहो, मघाशी त्यात घोटाभर पाणी होतं, आता काठोकाठ भरलाय. एवढं पाणी जातं कुठे?"

मी म्हटलं, "काका, तुमच्या हातातल्या ग्लासात."

काकांनी ग्लास हळूच टेबलावर ठेवला. रांगेत हशा पिकला. मग अशा वेळी जे होतं तेच झालं. एकजण म्हणाला, "इथे जमतं हो, देश केवढासा!" दुसरा म्हणाला, "पाऊस बारा महिने. आपल्याकडे चारच महिने, पुढे काय?" तिसरा म्हणाला, "इथे पैसा आहे आणि दंडुका आहे. आपल्याकडे अशक्य!" सगळ्यांनी माना डोलावल्या, ताटात मोदक पडला, आणि मुंबईच्या पाण्याचा प्रश्न पाच मिनिटांत निकालात निघाला.

मंडळी, मी २००३ साली मास्टर्स करायला इथे आलो आणि इथलाच झालो. गेली वीस-बावीस वर्षं ही तीन वाक्यं मी ऐकतोय. खोटं कशाला बोलू, म्हणतही आलोय. आता मात्र माझं स्पष्ट मत झालंय की ही तिन्ही वाक्यं आपल्या सोयीची आहेत. "अशक्य" म्हटलं की आपल्यावर काही करण्याची जबाबदारी उरत नाही. म्हणून हा लेख. कुणाला राग आला तर येऊ दे.

ग्लासातला पाऊस

आधी काकांच्या प्रश्नाचं नीट उत्तर देतो, कारण इथे वर्षानुवर्षं राहूनही आपल्यापैकी कितीतरी जणांना ते ठाऊक नसतं.

सिंगापूरच्या जमिनीपैकी दोन तृतीयांश भाग पाणलोट क्षेत्र आहे. पाणलोट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सह्याद्रीतलं जंगल येतं. इथे पाणलोटात रस्ते येतात, पार्किंग येतं, शाळांची मैदानं येतात आणि तुम्ही-आम्ही राहतो त्या एचडीबीच्या इमारतींची छपरंही येतात. त्यांच्यावर पडलेला पाऊस सुमारे ८००० किलोमीटर लांबीच्या गटारं, कालवे आणि नद्यांतून १७ जलाशयांत जातो, तिथून शुद्धीकरण केंद्रात आणि मग नळाला येतो.

मरीना बराज आपण सगळ्यांनी पाहिलंय. भारतातून पाहुणे आले की त्याच्या छपरावरच्या हिरवळीवर पतंग उडवायला आणि फोटो काढायला नेतो. २००८ साली ते सुरू झालं. मरीना चॅनलच्या तोंडावरचा हा ३५० मीटर लांबीचा बंधारा समुद्राला बाहेर ठेवतो आणि पावसाला आत. आतलं पाणी आधी खारट होतं. पावसाने हळूहळू ते धुऊन काढलं आणि २०१० च्या अखेरीस तो गोड्या पाण्याचा जलाशय झाला. त्याचं पाणलोट क्षेत्र १०,००० हेक्टर, म्हणजे देशाचा सहावा हिस्सा. ऑर्चर्ड रोड आणि लिटल इंडियासकट. ओहोटीच्या वेळी फार पाऊस झाला तर दरवाजे उघडून जादा पाणी समुद्रात सोडतात. भरती असली तर दरवाजे बंद ठेवून सात प्रचंड पंपांनी ते बाहेर फेकतात. एक-एक पंप सेकंदाला ४० घनमीटर पाणी उचलतो. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की शहर बुडतं, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. तोच प्रश्न इथे सुटला, आणि वर प्यायचं पाणीही मिळालं.

पण बराज हे काम संपल्यावरचं उद्घाटन आहे. खरं काम त्याच्या आधी तीस-पस्तीस वर्षं चाललं होतं, आणि ते फोटो काढण्यासारखं नव्हतं.

१९६३ साली सिंगापूरला दुष्काळ पडला आणि सुमारे दहा महिने पाण्याचं रेशनिंग झालं. १९६५ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा जलाशय होते तीन, आणि बाकीच्या पाण्यासाठी जोहोरकडे हात पसरायचा. तेव्हाच्या सिंगापूर नदीचा वास जुनी माणसं अजून विसरलेली नाहीत. डुकरं आणि बदकं पाळणारे, काठावरच्या झोपड्या, फेरीवाले, सगळ्यांची घाण नदीत जायची. १९७७ मध्ये ली क्वान यू यांनी नदी साफ करण्यासाठी दहा वर्षांची मुदत घातली आणि १९८७ पर्यंत ती साफ झाली. बादलीने मैला वाहून नेण्याची पद्धतही त्याच वर्षी, १९८७ मध्ये, इथे कायमची बंद झाली. म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. माझ्या वयाच्या सिंगापूरकरांनी ती बादली पाहिली असेल.

या सगळ्यामागचं तत्त्व एका ओळीचं आहे: मैल्याचा पाइप वेगळा आणि पावसाचं गटार वेगळं. एकाचा थेंब दुसऱ्यात जाता कामा नये. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर बराज हा शेवटचा स्क्रीन आहे, आणि खरं सॉफ्टवेअर म्हणजे ही दोन वेगळी जाळी. आत कचरा घातला तर बाहेर कचराच येणार, स्क्रीन कितीही देखणा असो.

"देश केवढासा!"

आता पहिलं वाक्य. सिंगापूर सुमारे ७३५ चौरस किलोमीटर आहे. मुंबई महापालिकेची हद्द सुमारे साडेचारशे. म्हणजे ज्याला आपण "केवढासा" म्हणतो तो देश मुंबईच्या दीडपट मोठा आहे! लोकसंख्या मुंबईची दुप्पट, हे मान्य. पण "एवढ्या लहान जागेत जमतं, मोठ्या जागेत जमत नाही" हा युक्तिवाद तरी आता बंद करू या. लहान जागा आपलीच आहे.

आणि हे आपल्याला कधी जमलंच नव्हतं असंही नाही. मुंबईच्या हद्दीत, आजच्या राष्ट्रीय उद्यानात, विहार तलाव आहे. तो १८६० साली बांधून झाला. सिंगापूरचा सर्वांत जुना जलाशय मॅकरिची, तो १८६८ चा. म्हणजे शहराच्या दाराशी पडलेला पाऊस अडवून नळाला देण्याची युक्ती मुंबईने सिंगापूरच्या आधी केली! पुढे १८७९ साली तुळशी झाला. हे दोन्ही तलाव आजही मुंबईला पाणी देतात. शहराच्या तहानेपुढे त्यांचा वाटा अगदी लहान आहे, पण पाणी चांगलं आहे, कारण भोवतीचं जंगल राखलं गेलंय.

विहारच्या शेजारीच पवई तलाव आहे. तोही १८९० च्या सुमारास पिण्याच्या पाण्यासाठीच बांधला होता. पाऊस तोच, डोंगर तोच, दोन तलावांत अंतर फार तर हाकेचं. पण पवईचं पाणी कुणी पीत नाही. त्याचं पाणी पहिल्यापासूनच कमी प्रतीचं ठरलं, आणि पुढे भोवतीच्या वस्त्यांचं सांडपाणी वर्षानुवर्षं त्यात येत राहिलं. आज तिथे जलपर्णी माजते आणि ती काढायची कंत्राटं निघतात.

विहार आणि पवई भरले की त्यांचं ओसंडलेलं पाणी मिठी नदीतून वाहतं. मिठीची लांबी जेमतेम १८ किलोमीटर. उगमापाशी ज्या पाण्याच्या शेजाऱ्यावर मुंबई चहा करते, तेच पाणी माहीमच्या खाडीला पोचेपर्यंत नाक दाबून पाहण्यासारखं होतं. या १८ किलोमीटरमध्ये जे घडतं तो मुंबईचा खरा पाणीप्रश्न आहे. पावसाचा त्यात काय दोष?

"पाऊस चारच महिने!"

दुसरं वाक्य सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्याचा मान राखून उत्तर देतो.

दोन्ही शहरांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सिंगापूरला तो वर्षभर थोडा-थोडा मिळतो आणि मुंबईला जून ते सप्टेंबरमध्ये एकदम. त्यामुळे मुंबईत साठवण ही खरी अडचण आहे, हे मी नाकारत नाही. पण जरा कागद-पेन्सिल घ्या. एका चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. साडेचारशे चौरस किलोमीटरवर दोन हजार मिलिमीटर म्हणजे ९०,००० कोटी लिटर. मुंबई रोज सुमारे ४०० कोटी लिटर पाणी वापरते, वर्षाचे झाले १,४६,००० कोटी. म्हणजे शहर वर्षभर जेवढं पाणी वापरतं त्याच्या निम्म्याहून जास्त त्याच्या डोक्यावर फुकट पडतं.

सगळं अडवता येणार नाही. अर्धंही येणार नाही. दहावा हिस्सा धरा. वर्षभरात विभागला तर रोजचे साधारण २५ कोटी लिटर होतात. मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा जो प्रकल्प महापालिकेने योजला आहे, त्याचा पहिला टप्पा रोज २० कोटी लिटरचा आहे. वाडा तालुक्यात गारगाई धरण योजलंय, त्यातून ४४ कोटी लिटर अपेक्षित आहेत, आणि त्यासाठी गावं आणि जंगल पाण्याखाली जाणार. म्हणजे डोक्यावर पडणारं पाणी आधी समुद्रात सोडायचं, मग तेच वीज जाळून समुद्रातून परत काढायचं, आणि उरलेल्यासाठी आदिवासींना घर सोडायला सांगायचं! हा हिशेब माझ्या एखाद्या क्लायंटपुढे ठेवला असता तर त्याने मला दाराबाहेर काढलं असतं.

"पण चार महिन्यांनंतर काय?" सिंगापूरच्या मरीना ईस्टला २०२० पासून एक प्रकल्प चालू आहे. तो दुहेरी आहे. पाऊस भरपूर असला की शेजारच्या जलाशयाचं गोडं पाणी शुद्ध करतो आणि कोरडं पडलं की समुद्राचं. गोड्या पाण्याला वीज कितीतरी कमी लागते. मनोरीसारखा खर्चिक प्रकल्प करायचाच असेल तर तो असा दुहेरी का नको? चार महिने शहराच्या पावसावर चालेल, तेवढे दिवस धरणांतलं पाणी वाचेल आणि मे महिन्यात कपात करावी लागणार नाही. पाऊस चारच महिने असतो, म्हणूनच त्या चार महिन्यांत धरणांना हात लावायचा नाही, असं गणित का करू नये?

सध्या काय चालतं? हिंदमाता बुडू नये म्हणून दादर-परळच्या मैदानांखाली २०२१-२२ च्या सुमारास मोठ्या भूमिगत टाक्या बांधल्या. चांगलं काम झालं. पण त्यांतलं पाणी थोपवून ठेवायचं आणि पाऊस ओसरला की वाहिनीतून समुद्राकडे सोडायचं, एवढंच त्यांचं काम. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्हची पंपिंग स्टेशनंही पाणी समुद्रातच फेकतात. सगळी यंत्रणा एकाच प्रश्नाभोवती फिरते: पाणी लवकरात लवकर घालवायचं कसं? ते ठेवायचं कसं, हा प्रश्न विचारायची सोयच नाही, कारण त्यात मैला मिसळलेला असतो.

म्हणून माहीमच्या खाडीवर उद्या बराज बांधा, असं मी अजिबात म्हणत नाही. आज बांधलंत तर मुंबईच्या मधोमध एक भलामोठा सेप्टिक टँक तयार होईल. आधी सांडपाणी बाजूला काढा. २०२२ नंतर महापालिकेने सात ठिकाणी नवी मलजल प्रक्रिया केंद्रं हाती घेतली, ती पहिली पायरी आहे. पण केंद्रापर्यंत मैला पोचलाच नाही आणि वाटेतच नाल्यात शिरला, तर केंद्र काय करणार?

"पैसा आणि दंडुका!"

तिसरं वाक्य. सिंगापूरकडे पैसा आहे, खरं. नदी साफ करायला सुरुवात केली तेव्हा आजच्याइतका नव्हता. मुंबई महापालिकाही काही गरीब नाही. देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका म्हणून तिचं नाव घेतलं जातं. मिठीसाठी २००५ च्या पुरानंतर महिन्याभरात स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झालं. खर्च झाला. २०२५ मध्ये मिठीतला गाळ काढण्याच्या कामातल्या कथित घोटाळ्याबद्दल पोलिसांनी गुन्हा नोंदवला. म्हणजे पैसा नव्हता असं तरी म्हणता येणार नाही!

दंडुक्याबद्दल म्हणाल तर नदीकाठच्या लोकांना इथे हलवलं, पण पक्की घरं देऊन. सगळे हसत गेले नाहीत, हेही खरं. आणि इथे चुका होतच नाहीत असंही नाही. २०१० आणि २०११ मध्ये ऑर्चर्ड रोड बुडाला होता. जोहोरचं पाणी अजूनही घ्यावं लागतं. २०१७-१८ मध्ये पाण्याचे दर ३० टक्क्यांनी वाढले तेव्हा आपणच किती कुरकुर केली होती! सिंगापूरची आरती ओवाळायचा माझा हेतू नाही. त्यांनी कष्टाने केलेल्या कामाला आपण "त्यांचं काय बाबा" म्हणून नशिबाच्या खात्यावर टाकतो, एवढीच माझी तक्रार आहे.

माझ्या आईचं वॉशिंग मशीन

आता स्वतःकडे येतो. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मी इथे हॉस्टेलवर रात्रभर फोन फिरवत बसलो होतो. बाबा ऑफिसमधून निघाले होते आणि घरी पोचले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी छातीभर पाण्यातून चालत ते मुलुंडला पोचले. पण आई अजूनही सांगते ती त्यानंतरची गोष्ट. सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत गटाराचं पाणी शिरलं होतं. भोवती सगळीकडे पाणीच पाणी, आणि ती बादली घेऊन टँकरच्या रांगेत उभी! ती म्हणते, "आयुष्यात एवढं पाणी पाहिलं नाही, आणि एवढी तहानही नाही."

हे ऐकून मी महापालिकेला किती नावं ठेवली असतील त्याला गणती नाही. आणि मी काय केलं? २००९ साली आईसाठी नवं वॉशिंग मशीन घेतलं. बाथरूममध्ये जागा नव्हती म्हणून गॅलरीत बसवलं. प्लंबरने त्याचं पाणी बाहेरून जाणाऱ्या पायपात सोडलं. पंधरा मिनिटांचं काम. तो पाइप गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा होता. तो थेट रस्त्याकडेच्या पर्जन्यवाहिनीत जातो, तिथून नाल्यात, नाल्यातून खाडीत. मला हे कळायला बारा वर्षं लागली. बारा वर्षं आमच्या घराची साबणाची घाण मी पावसाच्या गटारात सोडत होतो आणि इथे बसून मिठीवर व्याख्यानं देत होतो.

खाली उभं राहून वर पाहिलं तर आमच्या इमारतीत अशा बंद केलेल्या गॅलऱ्या किती! कुणाचं मशीन, कुणाचं मोरीचं पाणी. ही घाण कुणा झोपडीवाल्याची नाही, मंडळी. ती आपली आहे, टाइल्स लावलेल्या घरातली.

दुसरा कबुलीजबाब. ठाण्याला एका टॉवरमध्ये मी गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेतला. माहितीपत्रकात हिरव्या पानाचं चित्र काढून "रेन वॉटर हार्वेस्टिंग" छापलं होतं. मुंबईत मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना २००२ पासून ते बंधनकारक आहे, इतर शहरांतही तसे नियम आले. दर उन्हाळ्यात टँकरच्या खर्चाचं बिल यायला लागलं तेव्हा मी विचारलं, ते हार्वेस्टिंग कुठे आहे? शोधाशोध केली. खड्डा सापडला पार्किंगमध्ये, एका गाडीखाली, राबिटने भरलेला. पाइप त्याच्या वीतभर आधीच संपला होता. मी सोसायटीच्या ग्रुपवर खर्चाचा प्रस्ताव टाकला. विरोध कुणाचा झाला असेल? आमचाच, परदेशात राहणाऱ्या मालकांचा! "फ्लॅट भाड्याने आहे, टँकरचा खर्च भाडेकरू बघेल, आपण कशाला पैसे घालायचे?" त्यांतले दोघे या मंडळाचे सभासद आहेत. नावं घेत नाही. ते हे वाचतील आणि ओळखतील.

इथे कालव्यात निर्माल्य टाकायची आपल्यापैकी कुणाची छाती होत नाही. गणपती बादलीत विसर्जित करतो आणि फुलं कुंडीत घालतो. तेच आपण विमानातून उतरलो की वाशीच्या पुलावर गाडी हळू करून प्लॅस्टिकच्या पिशवीसकट निर्माल्य खाडीत भिरकावतो आणि वर नमस्कार करतो. माणूस तोच, हात तोच. मग दंडुका नसला की आपल्याला शिस्त नाही, हे "त्यांच्या"बद्दलचं वाक्य आहे की आपल्याबद्दलचं?

डिसेंबरची यादी

डिसेंबरमध्ये आपल्यातले निम्मे घरी जातील. बॅगेत चॉकलेटं भराल तशी तीन प्रश्नांची एक यादी भरा.

पहिला: आपल्या आई-वडिलांच्या घरातल्या वॉशिंग मशीनचं आणि मोरीचं पाणी कुठल्या पायपात जातं? पावसाच्या पायपात जात असेल तर प्लंबर बोलावून ते सांडपाण्याच्या पायपाला जोडा. आमच्याकडे एका दिवसात झालं. आईने आधी "भिंत फोडू नकोस" म्हणून विरोध केला, मग प्लंबरला चहा दिला.

दुसरा: आपल्या फ्लॅटच्या सोसायटीत हार्वेस्टिंगचा खड्डा आहे का, आणि असला तर त्यात पाणी जातं का? मे महिन्यात साफ होतो का? आमच्या टॉवरमध्ये दोन वार्षिक सभांमध्ये भांडून अखेर ते काम झालं. टँकर पूर्ण बंद झाले असं सांगून तुम्हाला फसवत नाही. पण पहिल्या पावसात पार्किंगमध्ये तळं साचायचं, ते साचलं नाही.

तिसरा: आपल्या वॉर्डातला नाला कुठून येतो आणि त्यात मैला कुठे शिरतो? नगरसेवकाला फक्त रस्त्याचे खड्डे विचारू नका, हे विचारा. परदेशातून आलेल्या माणसाला तिथे अजून थोडा मान मिळतो. तो काहीतरी बऱ्या कामासाठी वापरू या.

यातून उद्या मुंबईच्या रस्त्यावरचा पाऊस नळाला येईल का? नाही. सिंगापूरलाही नदी साफ करायला दहा वर्षं आणि बराजपर्यंत पोचायला आणखी वीस लागली. पण सुरुवात त्यांनी बराजपासून केली नव्हती, गटारापासून केली होती. आपलं गटार आपल्या गॅलरीत सुरू होतं.

आणि हो, त्या काकांनी अखेर ग्लास उचलला. म्हणाले, "चव तर चांगली आहे की हो!" ते परत गेलेत. त्यांच्या गॅलरीतही मशीन आहे, मी विचारून ठेवलंय. पुढच्या गणेशोत्सवात भेटलो की मोदक किती खाल्ले ते कुणी मला विचारू नका. पाइप बदलला का, ते मात्र मी प्रत्येकाला विचारणार आहे.